न दिसणाऱ्या कामाचा हिशेब

(प्रौढ वर्ग, तरुण संघ व शब्बाथ शाळेचे शिक्षक यांच्यासाठी अभ्यासपाठ)

पाठाचा उद्देश : ज्या धंद्यात आपण नेमके काय करतो हे गिऱ्हाइकाला दिसत नाही, त्या धंद्यात खोटे न बोलणे एवढ्याने प्रामाणिकपणा पुरा होत नाही. केलेले काम, त्यातील धोका व आपली मर्यादा ही न विचारता सांगणे हाही त्याचाच भाग आहे, हे समजून घेणे.

प्रास्ताविक

प्रामाणिकपणावरील पाठ म्हटला की आपल्या वर्गांतून बहुधा तीनच उदाहरणे येतात : वाण्याचा तराजू, दूधवाल्याचे पाणी आणि कचेरीतील लाच. ही उदाहरणे जुनी असली तरी खरी आहेत. परंतु आज आपल्या मंडळ्यांतील कितीतरी मुले-मुली अशा धंद्यांत आहेत की, जेथे तराजू मुळी दिसतच नाही. बडोदे, इंदूर, हैदराबाद, बेळगाव अशा शहरांतील कचेऱ्यांत संगणकासमोर बसून ती दुसऱ्यांच्या दुकानांची, दवाखान्यांची व शाळांची नावे गूगलच्या शोधात वर आणण्याचे काम करतात. दुसऱ्या बाजूस आपल्यातीलच दुकानदार, डॉक्टर व शाळाचालक यांना रोज फोन येतात : “साहेब, महिनाभरात तुम्हांला पहिल्या नंबरावर आणतो. वाईट रिव्ह्यू काढून टाकतो. पन्नास पाच-स्टार मिळवून देतो.” म्हणजे एकाच बाकावर बसणाऱ्या दोघांपैकी एक हे काम विकतो व दुसरा ते विकत घेतो. ह्या दोघांनाही उपयोगी पडावा म्हणून हा पाठ आम्ही देत आहोत.

१. हे काम आहे तरी काय ?

ज्यांना ह्या धंद्याची ओळख नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. समजा, बेळगावात नव्याने आलेल्या एका गृहस्थाची दाढ दुखू लागली. तो फोनवर ‘दातांचा डॉक्टर’ असे लिहितो. गूगल त्याला एक यादी दाखवते. यादीत जो वर असतो, त्याच्याकडे माणसे अधिक जातात. जो तिसऱ्या-चौथ्या पानावर असतो, त्याच्याकडे सहसा कोणी जात नाही. म्हणून आपले नाव वर यावे, अशी प्रत्येकाची इच्छा असते. हे साधून देण्याच्या कामाला एसईओ म्हणतात. नावाशेजारी जे तारे व अभिप्राय दिसतात, ते चांगले राहावेत म्हणून जे काम केले जाते, त्याला ऑनलाइन नावलौकिक सांभाळण्याचे काम म्हणता येईल.

यादीचा क्रम गूगल कशावरून ठरवते ? लॅरी पेज व सर्गेई ब्रिन ह्या दोन विद्यार्थ्यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ह्या कामाचा पाया घातला व १९९८ साली कंपनी काढली. त्यांची मूळ कल्पना सोपी होती. एखाद्या पानाकडे दुसरी पाने दुवा, म्हणजे लिंक देत असतील, तर ती त्या पानाच्या बाजूने दिलेली मते समजावीत. आणि ज्यांना स्वतःला मान आहे, त्यांच्या मताला अधिक वजन द्यावे. पुढे ह्यात आणखी पुष्कळ गोष्टींची भर पडली. गावातल्या दुकानांच्या बाबतीत गूगल स्वतःच तीन गोष्टी सांगते : शोधणाऱ्याला जे हवे त्याच्याशी दुकानाचा संबंध, दुकानाचे अंतर आणि त्याची प्रसिद्धी.

ह्या कामात वाईट असे काही नाही. दवाखान्याचा पत्ता व वेळा बरोबर लिहिणे, कोणते उपचार होतात हे सोप्या भाषेत मांडणे, पान फोनवर लवकर उघडेल असे करणे, खऱ्या रुग्णांना खरा अभिप्राय लिहिण्याची विनंती करणे, ही सर्व उपयोगी व सरळ कामे आहेत. ती करणारा रुग्णाची व डॉक्टरची दोघांचीही सेवाच करतो.

२. पिशवीतली दोन वजने

मग अडचण कोठे आहे ? अडचण अशी की, हे काम गिऱ्हाइकाला दिसत नाही. सुताराने टेबल केले तर ते डुगडुगते की नाही हे आपण हात लावून पाहतो. एसईओवाल्याने महिनाभर काय केले, हे डॉक्टरला कळण्याचा मार्ग नसतो. त्याला दिसतो तो शेवटचा आकडा, आणि तो आकडाही काम करणाराच दाखवतो.

येथे फसवणूक किती सहज करता येते पाहा. डॉक्टरच्या दवाखान्याचे पूर्ण नाव लिहून शोध घेतला, तर त्याचाच दवाखाना बहुधा पहिला येतो. त्यात कोणाचे कर्तृत्व नाही. तरी त्याच पानाचे चित्र काढून “पाहा, पहिला नंबर आला !” असे दाखवता येते. दवाखान्याच्या दारात उभे राहून शोध घेतला, तर अंतर कमी असल्यामुळे तो वर दिसतो. दोन मैलांवरून तसा दिसेलच असे नाही. पैसे देऊन लावलेली जाहिरात यादीच्या डोक्यावर दिसते व तिच्यावर ‘प्रायोजित’ अशी खूण असते. परंतु ती खूण ओळखता न येणाऱ्या गिऱ्हाइकाला ती जाहिरात म्हणजे कष्टाने मिळवलेली जागा आहे, असे भासवता येते. ह्या तिन्ही उदाहरणांत एकही शब्द उघड खोटा नाही. चित्र खरे आहे, नंबरही खरा आहे. तरीसुद्धा ऐकणारा फसला आहे.

अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायात इस्राएल लोकांना पिशवीत एक जड व एक हलके अशी दोन वजने बाळगण्याची मनाई केली आहे. शिक्षकांनी वर्गाचे लक्ष एका गोष्टीकडे अवश्य वेधावे. तेथे दोष हलके वजन तराजूत टाकल्यापासून धरलेला नाही, तर ते पिशवीत ठेवल्यापासून धरला आहे. पिशवी बंद असते, गिऱ्हाईक आत पाहू शकत नाही, आणि म्हणूनच आत काय आहे ह्याची जबाबदारी सर्वस्वी व्यापाऱ्यावर येते. आज ज्यांचे काम पडद्याआड चालते, त्यांना हा नियम जसाच्या तसा लागू पडतो.

३. लबाडी एकाची, नाव दुसऱ्याचे

आता एक घडलेली गोष्ट पाहू. जे. सी. पेनी हे अमेरिकेतील कपडे व घरगुती सामानाच्या दुकानांचे जुने व मोठे नाव. २०१० च्या नाताळाच्या हंगामात गूगलवर कपडे, चादरी, गालिचे असे काहीही शोधले तरी ह्या कंपनीचे नाव सर्वांत वर दिसू लागले. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स ह्या वृत्तपत्राने त्याचे कारण शोधून काढले. ज्यांचा कपड्यांशी काडीचाही संबंध नव्हता, अशा दोन हजारांहून अधिक पानांवर ह्या कंपनीच्या लिंका पेरलेल्या आढळल्या. म्हणजे मते खरी नव्हती; ती जमवलेली होती.

गूगलने कारवाई केली. ५९ शब्दांच्या शोधांत १ फेब्रुवारीस कंपनीचे सरासरी स्थान १.३ होते, १० फेब्रुवारीस ते ५२ झाले. कंपनीने सांगितले की, ह्या लिंकांना आम्ही परवानगी दिली नव्हती व त्यांची आम्हांला माहितीही नव्हती. आणि शोधाचे काम पाहणाऱ्या संस्थेला तिने काढून टाकले. पूर्वीची जागा मिळण्यास सुमारे तीन महिने लागले.

कंपनीला खरोखर काय ठाऊक होते, ह्याचा निवाडा आपण करावयाचा नाही. आपल्या पाठासाठी एवढेच पाहावयाचे की, वृत्तपत्रात मोठ्या अक्षरांत छापून आले ते गिऱ्हाइकाचे नाव. काम करणारी संस्था कोणती, हे किती वाचकांच्या लक्षात राहिले असेल ? ह्या धंद्यातील अप्रामाणिकपणाचे हे खास लक्षण आहे. सुताराने वाईट टेबल केले तर लोक सुताराला नावे ठेवतात. येथे मात्र करणारा पडद्याआड राहतो व पाटी गिऱ्हाइकाची असते. त्याच्या नावावर आपण जुगार खेळतो आणि त्याला ते सांगत नाही. चांगले नाव मोठ्या धनापेक्षा निवडण्याजोगे आहे, असा भाव नीतिसूत्रांच्या बाविसाव्या अध्यायाच्या आरंभी आहे. मग दुसऱ्याचे चांगले नाव आपल्या हाती दिले गेले असता ते किती जपून वापरावयास हवे !

मोठी कंपनी असा धक्का सोसू शकते. एका डॉक्टरचा दवाखाना किंवा एका विधवेने चालवलेली खाणावळ तीन महिने यादीतून नाहीशी झाली, तर घरभाडे कोठून द्यावयाचे हा प्रश्न उभा राहतो.

४. विकतची साक्ष

दुसरी गोष्ट न्यूयॉर्क राज्यातील. तेथील सरकारच्या मुख्य कायदा अधिकाऱ्यांच्या खात्याने ब्रुकलिन भागात दह्याच्या गोड पदार्थांचे, म्हणजे योगर्टचे एक दुकान असल्याचा बहाणा केला. “आमच्या दुकानाबद्दल लोक वाईट लिहितात, काय करावे ?” अशी विचारणा त्यांनी एसईओचे व नावलौकिकाचे काम करणाऱ्या संस्थांकडे केली. कित्येक संस्थांनी उपाय सुचवला तो एकच : खोटे चांगले अभिप्राय लिहून देतो. तपासात असे आढळले की, फिलिपाइन्स, बांगलादेश व पूर्व युरोपातील माणसांकडून एकेका अभिप्रायास एक ते दहा डॉलर देऊन असे लेखन करून घेतले जात होते. सप्टेंबर २०१३ मध्ये १९ कंपन्यांनी हे बंद करण्याचे कबूल केले व एकूण साडेतीन लाख डॉलरांहून अधिक दंड भरला.

खोट्या अभिप्रायाला पुष्कळ तरुण ‘मार्केटिंग’ म्हणून हसण्यावारी नेतात. परंतु त्याचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. जो कधी त्या दवाखान्यात गेला नाही, तो लिहितो की, “माझी दाढ न दुखता काढली.” ही साक्ष आहे, आणि ती खोटी आहे. दहा आज्ञांतील नववी आज्ञा मुलांना शिकवताना आपण न्यायालयाचे चित्र उभे करतो. आज सर्वसामान्य माणूस जेथे सर्वांत अधिक साक्षी वाचतो व ज्यांवरून निर्णय घेतो, ते ठिकाण म्हणजे हे अभिप्राय होत. तेथील खोट्या साक्षीमुळे एखादी आई आपल्या लेकराला भलत्याच डॉक्टरकडे नेऊ शकते.

येथे आणखी एक भेद शिकवावा. खोटे लिहिणे जसे चूक, तसेच खरे दडवून उरलेले दाखवणे हेही चूक. अमेरिकेतील फॅशन नोव्हा ह्या कपड्यांच्या कंपनीविरुद्ध तेथील व्यापार आयोगाची तक्रार अशी होती की, ती आपल्या वेबसाइटवर चार व पाच ताऱ्यांचे अभिप्राय लगेच छापी व त्याखालचे लाखो अभिप्राय अडवून ठेवी. छापलेला प्रत्येक अभिप्राय कदाचित खऱ्या गिऱ्हाइकाचाच असेल. तरी एकूण चित्र खोटे होते. जानेवारी २०२२ मध्ये हे प्रकरण मिटवताना कंपनीने ४२ लाख डॉलर देण्याचे मान्य केले. पुढे ह्याच आयोगाने खोटे अभिप्राय विकणे व विकत घेणे ह्या दोहोंस मनाई करणारा नियम केला. तो ऑक्टोबर २०२४ पासून अंमलात आहे, आणि यंत्राकडून, म्हणजे एआयकडून लिहून घेतलेले खोटे अभिप्रायही त्यात येतात. आपल्या देशातही नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोचे ह्या विषयावरील मानक जाहीर झाले; त्यात अभिप्राय कसे गोळा करावेत, तपासावेत व छापावेत हे ठरवून दिले आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली फसव्या जाहिरातीबद्दल पहिल्या वेळी दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तरीही दंडाच्या भीतीने सरळ वागणे आणि मुळात सरळ असणे ह्यांतील अंतर आपल्या वर्गाला निराळे सांगावयास नको.

५. ‘काढून टाकतो’ ह्याचे तीन अर्थ

नावलौकिकाच्या कामात सर्वांत फसवा शब्द कोणता असेल, तर ‘काढून टाकतो’ हा. गिऱ्हाईक दुःखात असते. कोणीतरी त्याच्याविषयी वाईट लिहिले आहे; रात्री झोप लागत नाही. अशा वेळी “आम्ही ते काढून टाकतो” हे शब्द कानी पडले की तो मागतील तेवढे पैसे देतो. परंतु ह्या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली गोष्ट, खरोखर पुसणे. मजकूर जेथे छापला आहे तेथूनच तो जाणे. हे लिहिणाऱ्याच्या, त्या स्थळाच्या चालकाच्या किंवा न्यायालयाच्या हाती असते. गूगलवरील अभिप्राय नियम मोडणारा असेल, उदाहरणार्थ शिवीगाळ किंवा बनावट, तर त्याविरुद्ध तक्रार करता येते. केवळ आपल्याला तो पटत नाही म्हणून तो काढला जात नाही.

दुसरी गोष्ट, शोधातून वगळणे. १३ मे २०१४ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने एका स्पॅनिश नागरिकाच्या खटल्यात निर्णय दिला. १९९८ साली एका वृत्तपत्रात त्याच्या मालमत्तेच्या लिलावाची जाहीर सूचना आली होती. देणे केव्हाच फिटले होते, पण नाव शोधताच ती सूचना समोर येई. न्यायालयाने ठरवले की, गैरलागू झालेली अशी माहिती नावाच्या शोधातून वगळण्याची मागणी गूगलकडे करता येईल. परंतु वृत्तपत्राच्या संग्रहातून ती सूचना काढावी लागली नाही. म्हणजे कागद तसाच राहिला. त्याच्याकडे नेणारी एक वाट बंद झाली.

तिसरी गोष्ट, खाली ढकलणे. नवे, चांगले मजकूर तयार करून ते वर आणणे, म्हणजे जुना आपोआप खाली जातो. तो नाहीसा होत नाही, आणि कधी पुन्हा वर येईल हे सांगता येत नाही.

ह्यांपैकी कोणती गोष्ट आपण करणार आहोत, हे पैसे घेण्यापूर्वी स्पष्ट सांगितले पाहिजे. तिसरी गोष्ट करून पहिलीचे पैसे घेणे म्हणजे दोन वजनांची पिशवी होय. आणि पुष्कळदा चौथा एक मार्ग असतो, तो सर्वांत स्वस्त : तक्रार खरी आहे काय हे पाहणे, खरी असल्यास चूक दुरुस्त करणे व त्या अभिप्रायाखाली नम्रपणे तसे लिहिणे. हा सल्ला देणाऱ्याचे उत्पन्न बुडते. पण गिऱ्हाइकाचे खरे हित ज्याला पाहावयाचे आहे, त्याने तो प्रथम द्यावा.

६. हिशेब कसा दाखवावा ?

यरुशलेमेतील गरजूंसाठी वर्गणी जमली, तेव्हा प्रेषित पौलाने ती एकट्याच्या हाती ठेवली नाही. तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला भाऊ पाठवला. कारण कोणास बोट ठेवण्यास जागा राहू नये, आणि जे देवासमोर चांगले ते माणसांनाही चांगले दिसावे, अशी त्याची इच्छा होती. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात हे आले आहे. पौल अप्रामाणिक होता म्हणून हे केले असे नव्हे. प्रामाणिक माणसाचाही हिशेब इतरांना तपासता आला पाहिजे, हे तो जाणत होता. हीच रीत ह्या धंद्यात कशी लावता येईल, ते पाहू.

(अ) क्रमांकाचे वचन देऊ नये. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलनेच व्यावसायिकांना लिहून सांगितले आहे. यादीतील नैसर्गिक जागेसाठी गूगल पैसेही घेत नाही. काम सुरू केल्यापासून फळ दिसण्यास साधारण चार महिने ते एक वर्ष लागते, हेही आधीच सांगावे.

(आ) काय करणार ते लिहून द्यावे. कोणती पाने बदलणार, लिंका कोठून व कशा मिळवणार, त्यांसाठी कोणाला पैसे देणार काय, हे साध्या मराठीत किंवा गिऱ्हाइकाच्या भाषेत असावे. काम दुसऱ्या कोणाकडून करून घेणार असल्यास तेही सांगावे.

(इ) धोका सांगावा. एखादी युक्ती नियमांच्या काठावरची असेल, तर “हे पकडले गेल्यास तुमचे नाव यादीतून जाऊ शकते” हे वाक्य तोंडातून निघाले पाहिजे. हे वाक्य उच्चारण्याची लाज वाटत असेल, तर ती युक्ती करूच नये.

(ई) किल्ल्या गिऱ्हाइकाच्या हाती असाव्यात. वेबसाइटचे नाव, गूगलवरील दुकानाची नोंद, शोधाची आकडेवारी दाखवणारे खाते, ही सर्व गिऱ्हाइकाच्या मालकीची असावीत. आपण केवळ व्यवस्थापक म्हणून आत यावे. पासवर्ड अडकवून ठेवून “पैसे दिल्याशिवाय सोडणार नाही” असे म्हणणे म्हणजे भाडेकरूने घरमालकाला कुलूप लावण्यासारखे आहे.

(उ) पैशांचा हिशेब वेगळा करावा. जाहिरातींसाठी गिऱ्हाइकाने दहा हजार रुपये दिले, तर गूगलला किती गेले व आपले शुल्क किती, हे दोन आकडे निरनिराळे दाखवावेत. जाहिरातींची व्यवस्था पाहणाऱ्यांनी आपले शुल्क असल्याचे गिऱ्हाइकाला कळवले पाहिजे, असा गूगलचाही नियम आहे.

(ऊ) वाईट बातमी प्रथम आपण द्यावी. ह्या महिन्यात स्थान घसरले, तर ते अहवालाच्या पहिल्या ओळीत असावे. कारण ठाऊक नसेल तर “कारण अजून कळले नाही, शोधत आहोत” असे लिहावे. गिऱ्हाइकाला समजतील असे आकडे द्यावेत : किती फोन आले, किती रुग्ण आले. मोठमोठे परदेशी शब्द घालून अहवाल जाड करू नये.

(ए) हितसंबंध उघड करावेत. एकाच गावातील दोन दंतवैद्यांचे काम आपण घेतले असेल, तर दोघांनाही ते ठाऊक असावे. कारण पहिली जागा एकच असते.

७. गिऱ्हाइकाची व नोकराची परीक्षा

ही सारी जबाबदारी काम करणाऱ्यावरच टाकून चालणार नाही. “कसे करता ते मला सांगू नका, नंबर तेवढा आणा,” असे म्हणणारे गिऱ्हाईकही ह्या लबाडीत भागीदार आहे. ज्याला डोळे झाकावयाचे आहेत, त्याला पुढे “मला माहीत नव्हते” असे म्हणता येत नाही. आपल्या मंडळीतील डॉक्टरांनी, दुकानदारांनी व शाळांच्या समित्यांनी काम देताना विचारावे : तुम्ही नेमके काय करणार ? माझ्या नावाला त्यात काय धोका आहे ? खाती कोणाच्या नावावर राहतील ? ह्या तीन प्रश्नांना सरळ उत्तर देणार नाही, त्याला काम देऊ नये. आणि आपल्याच शाळेसाठी पालकसभेत “सर्वांनी पाच तारे द्या” असे सांगण्याचा मोह टाळावा. “जे अनुभवले ते लिहा” एवढेच म्हणावे.

सर्वांत कठीण परीक्षा मात्र त्या तरुण नोकराची आहे, ज्याला वरिष्ठ सांगतात की, रोज निरनिराळ्या नावांनी दहा अभिप्राय लिही. घरी आईवडील त्याच्या पगाराची वाट पाहतात. “नोकरी सोड” हे सांगणे आपल्यासारख्यांना सोपे आहे. म्हणून शिक्षकांनी येथे घाई करू नये. प्रथम त्याने हे काम आपल्याला करता येणार नाही, असे नम्रपणे व एकट्यात वरिष्ठांना सांगावे. त्याऐवजी करता येईल असे सरळ काम सुचवावे : खऱ्या गिऱ्हाइकांना विनंतीपत्रे पाठवणे, आलेल्या तक्रारींना उत्तरे तयार करणे, चुकीचे पत्ते दुरुस्त करणे. पुष्कळ वरिष्ठांना दुसरा मार्ग कोणी दाखवलेलाच नसतो. तरीही आग्रह झाला, तर दुसरी जागा शोधण्यास लागावे, आणि त्या काळात त्याला आधार देणे हे मंडळीचे काम समजावे. ज्याला आपण प्रामाणिकपणा शिकवला, त्याला त्याची किंमत एकट्याने भरू देणे बरोबर नाही.

खरे बोलणाऱ्याचे कंत्राट कधी कधी जाते, हे आम्ही लपवीत नाही. “पहिला नंबर नक्की” म्हणणारा आणि “प्रयत्न करीन, हमी देत नाही” म्हणणारा असे दोघे समोर बसले, तर घाबरलेले गिऱ्हाईक बहुधा पहिल्याकडे जाते. काही जण पुढे पोळून दुसऱ्याकडे परत येतात, काही येत नाहीत. प्रामाणिकपणाने धंदा वाढतोच, असे वर्गात शिकवू नये. तसे शिकवणे म्हणजे आपणच हमी देण्यासारखे होईल. एवढे खरे की, जो आपले काम उघडून दाखवू शकतो, त्याला कोणी पिशवी तपासावयास आले तर उठून दार लावावे लागत नाही.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

१. चित्र खरे, नंबर खरा, तरी गिऱ्हाईक फसले, असे एक उदाहरण तुमच्या स्वतःच्या धंद्यातून किंवा नोकरीतून सांगा.

२. जे. सी. पेनीच्या प्रकरणात “आम्हांला माहिती नव्हती” हे उत्तर तुम्हांला पुरेसे वाटते काय ? गिऱ्हाइकाने किती विचारपूस करणे योग्य ?

३. मंडळीतील एका बंधूने नवे हॉटेल काढले आहे. प्रत्यक्ष न जेवता, केवळ मदत म्हणून त्याला पाच तारे द्यावेत काय ? मग मदत कोणत्या रीतीने करता येईल ?

४. ‘काढून टाकतो’ ह्यासारखे दुहेरी अर्थाचे शब्द शिवणकाम, वैद्यकी, घरदुरुस्ती ह्या धंद्यांत कोणते आहेत ?

लहान मुलांच्या वर्गासाठी : शिक्षकांनी सारख्या आकाराच्या दोन डब्या न्याव्यात, एकीत वाळू व दुसरीत कापूस भरावा. झाकण न उघडता कोणत्या डबीत काय आहे, हे एका मुलाने इतरांना सांगावे व इतरांनी विश्वास ठेवावा. मग डब्या उघडाव्यात. त्यानंतर एकच प्रश्न विचारावा : ज्याला आतले ठाऊक होते, त्याच्यावर जबाबदारी अधिक होती की कमी ? मुले जे उत्तर देतील, त्यावर पुढील रविवारी मोठ्यांच्या वर्गातही बोलावे.